पायथ्याची नळी

१९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों गावचा फ्लोरँ पेरिये हा गृहस्थ पाऱ्याची नळी घेऊन प्यूय-द-डोम हा डोंगर चढला. ही कामगिरी त्याचा मेहुणा ब्लेझ पास्कल याने त्याच्यावर सोपविली होती. शिखरावर पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला दिसला. तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठात एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली ठेवली होती. तिच्यातील पारा दिवसभर जागचा हलला नाही. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे शिखरावरच्या नळीने दाखविले; परंतु त्या साक्षीवर विश्वास बसला तो पायथ्याच्या नळीमुळे. इतिहासाच्या पुस्तकांत डोंगर चढणारी नळी अजरामर झाली. खाली बसून राहिलेल्या नळीची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

हवाई छत्रीची कथाही अशीच आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या आकाशात आंद्रे-जाक गार्नरँ याने बलूनची दोरी स्वतःच्या हाताने कापली आणि तो छत्रीसह खाली आला. छत्रीच्या माथ्याला हवा निसटण्यास वाट नसल्याने तिला भयंकर हेलकावे बसले. पुढे माथ्यावर छिद्र ठेवण्याची पद्धत आली. दोरी केव्हा कापायची, हे ठरविण्यास तेथे निदान एक माणूस होता. अग्निबाणात तो नसतो. म्हणून छत्री केव्हा उघडावी, हा निर्णय यंत्रावर सोपवावा लागतो.

रॉबर्ट गॉडर्ड याने १७ जुलै १९२९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे उडविलेल्या अग्निबाणात वायुभारमापक, तापमापक आणि त्यांच्या नोंदी टिपणारा कॅमेरा ठेवला होता. पेरियेची नळी अशा रीतीने अग्निबाणावर स्वार झाली. स्फोटासारख्या आवाजाने शेजारीपाजारी हादरले, तेथील उड्डाणांस मनाई झाली आणि १९३० मध्ये गॉडर्डने आपले काम न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे हलविले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील कितीतरी मुले घरच्या घरी नळ्यांत दारू ठासू लागली. त्यांत काहींची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. नेब्रास्कातील नॉरफोक गावचा चपला-बुटांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल याने तत्पूर्वीच यावर तोड काढली होती. कागदी आवरणाची तयार मोटर प्रथम अग्निबाण वर नेई. मग काही क्षण मंद जळणारा थर. आणि शेवटी चिमूटभर दारू उडून नाकाडाची टोपी व छत्री बाहेर ढकलली जाई. जी. हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञाने तिचे महत्त्व ओळखले आणि त्यातूनच १९५७ मध्ये या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुलांना दारू ठासण्यापासून दूर ठेवणे, हा तिचा पाया होता.

पुढे अग्निबाण मोठे झाले. १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक आवेगाच्या मोटरी आल्या आणि जळत्या थराचा अंदाज अपुरा पडू लागला. तेव्हा हवेचा दाब मोजणारा इलेक्ट्रॉनिक अल्टिमीटर पुढे आला. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर वर गेले की दाब एक मिलिबारने उतरतो. दाब घटण्याचे थांबून वाढू लागला, की शिखर आले असे यंत्र समजते आणि लहान छत्री सोडते. जमीन दोन-तीनशे मीटरवर आली, की मोठी. परंतु ध्वनीच्या वेगाजवळ उठणाऱ्या दाबलहरींनी हे यंत्र फसते, आणि भर वेगात छत्री सुटली तर तिच्या चिंध्या होतात.

म्हणूनच जाणता हौशी माणूस आधी जमिनीवर परीक्षा घेतो. अल्टिमीटर काचेच्या बरणीत ठेवून तो आतली हवा ओढून घेतो. दारूच्या जागी छोटा दिवा जोडतो. हवा परत आत सोडताना दिवे योग्य वेळी लागले, तरच यंत्र खरे. मग अग्निबाण आडवा ठेवून, दूर उभे राहून, मोजून घातलेली दारू उडवून पाहतो: टोपी सुटते का, छत्री पूर्ण बाहेर येते का, कापड होरपळत तर नाही ना? परवान्याची पायरी देतानाही केवळ किती उंच गेला ते पाहत नाहीत. सुखरूप उतरला की नाही, ते पाहतात. नाक खाली करून कोसळणारा काही किलोंचा अग्निबाण माणसाचा जीव घेऊ शकतो, हे त्यामागचे कारण.

हे केवळ हौशी लोकांपुरते नाही. सूर्यवाऱ्याचे कण घेऊन परतणारी ‘जेनेसिस’ यानाची कुपी ८ सप्टेंबर २००४ रोजी ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने युटाच्या वाळवंटात आदळली. वेग मंदावल्याची जाणीव देणारे चिमुकले स्विच आराखड्यातच उलटे दाखविले गेले होते. छत्री उघडण्याची आज्ञा सुटलीच नाही. ती चूक उघडकीस आणू शकली असती, अशी चाचणी वगळण्यात आली होती. तीन वर्षांचा प्रवास निर्विघ्न पार पडला आणि घात झाला तो उंबरठ्यावर. सुदैवाने फुटक्या तबकड्यांतूनही संशोधकांना पुष्कळ नमुने वाचविता आले.

चढणाऱ्याचे कौतुक करण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती वाईटही नाही. परंतु चढाईचा हिशेब उतरल्यावरच पुरा होतो. आणि सुखरूप उतरण्याची तजवीज कोणीतरी उड्डाणाच्या आधी, जमिनीवर, कोणी पाहत नसताना केलेली असते. पायथ्याच्या मठातील ती नळीही दिवसभर हेच काम करीत होती.