उल्का, अशनी व लघुग्रह : कोल्हापूर आणि महाराष्ट्रातील अभ्यास

सूर्याभोवती फिरणारे खडकाळ लघुग्रह, बर्फ-धुळीचे धूमकेतू आणि या दोहोंपासून सुटलेली धूळ व खडी यांचा वैज्ञानिक अभ्यास. यातला एखादा कण वातावरणात शिरून पेटला की दिसणारी प्रकाशरेषा ती उल्का. जळून उरलेला भाग जमिनीवर पोचला तर तो अशनी. महाराष्ट्रात या विषयातले मोलाचे संशोधन दुर्बिणीपेक्षा दगडांवर जास्त झाले आहे आणि त्याचे मोठे श्रेय दख्खनच्या बेसाल्टला जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे त्याचे ठळक उदाहरण. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किमी व्यास, दीडशे मीटरांच्या आसपास खोली आणि तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर. विष्णूने लवणासुराला येथेच मारले, ही स्थानिक कथा जुनी आहे. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचा खडक असल्याने विवरही ज्वालामुखीचेच असणार, असा तर्क नंतर दीर्घकाळ चालला. तो तर्क चुकीचा असला तरी गैर म्हणता येत नाही. लाव्हाच्या थरांत गोल खड्डा दिसल्यावर आकाशाकडे बोट दाखवणारा विरळाच. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनीही तसे बोट दाखवले नाही. १८९६ मध्ये त्यांनी लोणारचे ॲरिझोनातील विवराशी असलेले साम्य नोंदवले, पण तेही ज्वालामुखीचेच मानून.

निर्णायक पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून पुढे आला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांना विवरातील खडकात मास्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची स्फटिकरचना मोडते, पण कणाचा आकार तसाच राहतो. ही अशी काच लाव्हाच्या उष्णतेने बनत नाही, त्यासाठी आघातच लागतो. मास्केलिनाइटचे पहिले वर्णन बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीवरून झाले होते. तो अशनी मंगळावरून आलेला, हे पुढे शंभराहून अधिक वर्षांनी उलगडले. मंगळ आणि चंद्रावरची कितीतरी विवरे बेसाल्टमध्येच आहेत. पृथ्वीवर मात्र बेसाल्टमधले इतके चांगले टिकलेले विवर दुर्मीळ. म्हणून परग्रहांवरच्या खडकांचे अभ्यासक लोणारला येतात. विवराच्या वयाचा वाद अजून मिटलेला नाही. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ५ लाख ७० हजार वर्षे. दहापटीहून अधिक फरक असूनही लोकप्रिय लिखाणात बहुधा पहिलाच आकडा बिनदिक्कत छापला जातो.

डोळ्यांदेखत पडलेले अशनी महाराष्ट्रात थोडे आहेत. २९ जून १८४३ रोजी खानदेशात माणेगावला पडलेला दगड डायोजेनाइट जातीचा आहे. या जातीचे दगड वेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातून सुटतात, असे मानले जाते. अलीकडचा महत्त्वाचा पात नागपूर जिल्ह्यातील काटोलचा. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी स्फोटासारखे आवाज झाले आणि गावात व आसपास दगडांचा सडा पडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नमुने गोळा केले. ‘एल ६’ वर्गातला हा कोंड्राइट वरवर पाहता साधाच होता. पण त्यात केसासारख्या काळ्या शिरा होत्या. अवकाशात दोन पिंड आदळले तेव्हा त्या शिरांपुरता दगड वितळला आणि लगेच थिजला. आयआयटी खरगपूरच्या नेतृत्वाखालील गटाला या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज मिळाले. तो शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या आत ६६० किमीच्या खाली या खनिजाचा प्रचंड साठा आहे, पण तिथपर्यंत कोणतेही ड्रिल पोचत नाही. काटोलच्या नमुन्यातील ब्रिजमनाइटची घडण पृथ्वीच्या पोटातल्या खनिजाशी पूर्वीच्या कोणत्याही नमुन्यापेक्षा जास्त जुळते. खोल प्रावरणाची अशी खूण विदर्भाच्या उन्हात आयती येऊन पडली.

असे पात हाती लागणे कठीण जाते, कारण दख्खनच्या काळ्या कातळात काळा दगड ओळखायचा असतो. कोल्हापूर परिसरात तर गोंधळाची साधने मुबलक. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून निघणारा स्लॅग काळा, जड, वितळल्यासारखा दिसतो. पन्हाळ्याचा जांभा लोहाने गच्च भरलेला. बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असल्याने नुसते चुंबक लावून निकाल लागत नाही. फोडून पाहणे हाच उपाय. स्लॅगमध्ये वायूचे बुडबुडे दिसतात, अशनीत ते जवळपास कधीच नसतात. ताज्या दगडी अशनीवर कागदासारखी पातळ काळी साल असते, आत फिकट राखी अंग आणि त्यात चमकणारे लोह-निकेलचे बारीक कण. साल आणि गाभा एकाच रंगाचे निघाले तर बहुधा निराशाच पदरी पडते.

आकाश पाहण्याच्या बाबतीत कोल्हापूरचे नशीब अर्धेच. ऑगस्टच्या मध्यावर ययाती समूहातील उल्कावर्षाव शिगेला पोचतो तेव्हा पंचगंगा दुथडी भरलेली आणि आभाळ झाकलेले असते. भरपाई डिसेंबरात होते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन समूहातील उल्का पडतात आणि दोनच्या सुमारास त्यांचा उगमबिंदू जवळजवळ डोक्यावर येतो. उल्कावर्षाव सहसा धूमकेतूच्या धुळीतून होतात. हा मात्र फेथॉन या १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाशी जोडलेला आहे. लघुग्रह आणि धूमकेतू यांच्यातली सीमा किती धूसर आहे, ते यावरून कळते. उल्का जळतात तो ८० ते १०० किमीचा पट्टा फुग्यांसाठी फार उंच आणि उपग्रहांसाठी फार खाली. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मध्यम वारंवारतेचे रडार नेमक्या याच थरातले वारे मोजते.

विषयाशी कोल्हापूरचे सर्वांत ठळक नाते मात्र माणसामुळे. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी येथे झाला. फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी धूमकेतूंतून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असावेत, असा प्रस्ताव मांडला होता. त्यावर शब्दांचा कीस पाडण्याऐवजी नमुना आणून पाहू, हा नारळीकरांचा पवित्रा. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले. २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किमी उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला हॉईल यांचे, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभट्टांचे नाव मिळाले. त्या परग्रहावरून आल्याचे सिद्ध झाले, असा दावा गटाने केला नाही आणि ते योग्यच होते. ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ पुढे साध्या मातीतही सापडला. याच नारळीकरांनी ‘धूमकेतू’ ही विज्ञानकथाही लिहिली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुर्बिणीच्या बाजूने एक नोंद आवश्यक आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी ‘२०२० क्यूजी’ हा ३ ते ६ मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किमीवरून गेला. पॅलोमार वेधशाळेच्या प्रतिमा चाळणाऱ्या आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख आणि कृती शर्मा या विद्यार्थ्यांनी तो ओळखला, तेव्हा तो जवळून निघून गेल्याला सुमारे सहा तास झाले होते.