बचावासाठीं साहस

शाळेंतील मुलांना डोंगरांत किंवा समुद्रावर नेऊन कांहीं दिवस उन्हापावसांत राहावयास लावणें, आणि त्याच प्रवासांत त्यांच्या हातून परक्याचें एखादें काम करवून घेणें, ही आतां देशोदेशींच्या आंतरराष्ट्रीय शाळांची रूढ रीत झाली आहे. सहल आणि सेवा या दोन गोष्टी एकाच दौऱ्यांत कां आल्या, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं कुर्ट हान या जर्मन शिक्षकाच्या चरित्रांत सांपडतें.

हान यांचा जन्म १८८६ सालीं बर्लिन येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन साम्राज्याचे शेवटचे चॅन्सेलर प्रिन्स माक्स यांचे ते चिटणीस होते. पराभवानंतर, १९२० सालीं, प्रिन्सच्या सालेम येथील वाड्यांत दोघांनीं शाळा काढली. पुस्तकी अभ्यासाबरोबर मैदान, भटकंती आणि अंगमेहनत यांना तेथें मानाचें स्थान होतें.

परंतु त्याच सुमारास जर्मनींत हिटलरची युवक संघटनाही मुलांना रानावनांत नेऊं लागली होती. तेच तंबू, तीच शेकोटी, तीच पायपीट! उघड्या हवेनें माणूस आपोआप सज्जन होतो, ही समजूत किती भाबडी आहे, हें याहून स्पष्ट कशानें व्हावें? १९३२ च्या ऑगस्टमध्यें पोटेम्पा गांवीं हिटलरच्या अनुयायांनीं एका मजुराला त्याच्या आईदेखत ठार केलें, आणि फांशीची शिक्षा झालेल्या त्या मारेकऱ्यांना हिटलरनें तारेनें पाठिंबा कळविला. हान यांनीं सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून बजावलें कीं, एक तर हिटलरशीं संबंध तोडा, नाहीं तर सालेमशीं. पुढल्या मार्चमध्यें त्यांना अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनीं शब्द टाकल्यामुळें ते सुटले आणि जुलैमध्यें इंग्लंडला आले.

१९३४ सालीं स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ गॉर्डन्स्टन येथें त्यांनीं नवी शाळा उभारली. येथील मुलें समुद्रावर जात, तशींच किनाऱ्यावर पहाराही करीत. वादळांत कोणाची होडी संकटांत आली, तर ती वेळीं दिसावी हा हेतु. हान यांच्या विचाराचा गाभा हाच होता. तरुणाला धाडसाची भूक असते आणि युद्ध ती भागवितें. तिला युद्धाइतकाच ओढून घेणारा दुसरा मार्ग द्यावयाचा, तर तो दुसऱ्याचा जीव वांचविण्याचा.

दुसऱ्या महायुद्धांत या विचाराची कसोटी लागली. पाणबुड्यांनीं बुडविलेल्या व्यापारी जहाजांवरील तरुण खलाशी बचाव-होडींत बसूनही धीर सोडतात, अशी जहाज-मालक लॉरेन्स होल्ट यांना चिंता होती. त्यांच्या साह्यानें १९४१ सालीं वेल्समधील ॲबरडव्ही येथें सुमारें महिनाभराचें शिक्षण सुरू झालें. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला लावितात तें ‘आउटवर्ड बाउंड’ हें नांव होल्ट यांनींच दिलें. आजच्या मैदानी शिक्षणदौऱ्यांचें मूळ येथें आहे.

१९५५ सालीं पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयांत हान यांना कालचे शत्रू एका मेजाशीं बसलेले दिसले. सेनाधिकाऱ्यांना जें साधतें तें सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कां साधूं नये? यांतून १९६२ सालीं वेल्सच्या सेंट डोनॅट्स किल्ल्यांत अटलांटिक कॉलेज उघडलें. त्याच परिवारांतील महिंद्र कॉलेज १९९७ पासून पुणें जिल्ह्यांत, मुळशी तालुक्यांतील डोंगरावर आहे.

आतां आठवड्याभराचा दौरा काढून परक्या गांवांतील शाळेची भिंत रंगविण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती भिंत गांवचा रंगारी अधिक चांगली रंगवील, हें त्या गांवालाही ठाऊक असतें. पण पाहुण्यांना तसें म्हणावें कसें? सेवेला हौस पुरत नाहीं, हातीं कसब लागतें.

अटलांटिक कॉलेजच्या पहिल्या मुलांनीं तें कसब कमावलें होतें. ब्रिस्टल खाडीची भरती-ओहोटी प्रचंड. शिडाच्या होड्यांना सोबत म्हणून हवेनें फुगविलेल्या होड्या ठेवीत, पण त्यांचे कापडी तळ गोट्यांवर घासून फाटत. कॉलेजचे प्रमुख, रिअर ॲडमिरल होअर, यांनीं विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षें खटपट करून फुगीर कडांखालीं कठीण तळ बसविला. १९६३ पासून कॉलेजांत ब्रिटनच्या जीवरक्षक-नौका संस्थेचें ठाणेंच होतें, आणि बोलावणें आलें कीं वर्गांतील मुलें उठून समुद्रांत जात. त्यांच्या घडणीवरून झालेली ‘अटलांटिक २१’ ही नौका १९७२ सालीं संस्थेच्या सेवेंत आली. हान १९७४ सालीं वारले. ठाणें २०१३ सालीं बंद झालें. होडीच्या पेटंटाचे हक्क होअर यांनीं संस्थेला एका पौंडास दिले होते.