लांबलचक फ्रेंच शब्द फोडायचा कसा?

रसायनशास्त्राच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, की कधी ना कधी मूळ फ्रेंच पान समोर येतंच. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हॉझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी पदार्थांना नावं देण्याची नवी पद्धत मांडली. १७८९ मध्ये लाव्हॉझिएचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि १७९० मध्ये रॉबर्ट करने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद. पण नुसत्या अनुवादावर संशोधन उभं राहत नाही. मूळ उघडावं लागतं, आणि तिथले लांब शब्द आपण इंग्रजीसारखे वाचायला जातो नि अडकतो.

मग करायचं काय? आधी स्वर शोधा. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला द्या. दोन असतील तर मधून तोडा. दुसरं 'ल' किंवा 'र' असेल तर मात्र जोडी सहसा फुटत नाही.

तोड कुठे पडते त्यावर उच्चार ठरतो. विश्लेषण म्हणजे आ-ना-लीझ. इथला 'न' पुढच्या स्वराकडे गेला, म्हणून स्पष्ट ऐकू येतो. अँटिमनी मात्र आँ-ति-म्वान. इथे पहिला 'न' मागच्या तुकड्यातच राहिला, त्यामुळे स्वर नुसता नाकातून येतो.

आता किण्वन आणि ज्वलन घ्या: फेर्-माँ-ता-स्यों आणि कों-ब्यूस्-त्यों. दोन्हींच्या शेवटी 'टी-आय-ओ-एन' हीच अक्षरं. पहिल्यात 'टी'चा 'स' होतो. दुसऱ्यात आधी 'एस' आहे, म्हणून 'त' टिकतो.

नामकरणपद्धतीसाठीचा शब्द लेखी फोडला तर पाच तुकडे पडतात, बोलताना चारच: नो-माँ-क्ला-त्यूर. शेवटचा 'ई' गेला कुठे? पूर्वी तो उच्चारला जायचा. पुढे बोलण्यातून गळला, लिखाणात राहिला. छंदोबद्ध फ्रेंच कवितेत पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल, तर तो आजही मोजतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपणही 'करवत' लिहितो आणि 'कर्-वत्' म्हणतो.

थोडक्यात, फ्रेंच स्पेलिंगमध्ये जुना उच्चार साठवलेला असतो. त्याला चुकीचं म्हणून वैतागू नका. एक पान घ्या, पेन्सिलीने तुकडे पाडा, शेवटच्या उच्चारित तुकड्यावर किंचित जोर देऊन मोठ्याने वाचा. पहिल्या पानाला वेळ लागेल, पण तेच शब्द पुढे पुन्हा पुन्हा भेटतात.