गोम्पातील इंग्रजीचे वर्ग

तिबेटी बौद्ध मठांत, म्हणजेच गोम्पांत, इंग्रजीचा प्रवेश झाला तो शिक्षणसुधारणेतून नव्हे, तर विस्थापनातून. पाठांतर, न्यायशास्त्र आणि अंगणात रंगणारे वादविवाद यांच्या बळावर विद्यार्थ्याला ‘गेशे’ या सर्वोच्च पदवीपर्यंत नेणारी तेथील अध्ययनपद्धती स्वयंपूर्ण होती, आणि परक्या भाषेबरोबर परका आचारही येईल, अशी धास्ती मठांतील वरिष्ठांना वाटत असे. ग्यांत्से येथे १९२३ मध्ये निघालेली इंग्रजी शाळा तीन वर्षांत बंद पडली, तर ल्हासा येथे १९४४ मध्ये उघडलेली शाळा मठांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच मिटली.

१९५९ मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले आणि हे चित्र पालटले. आसामातील मिसामारी व बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत राबलेल्या फ्रेडा बेदी या इंग्लंडात जन्मलेल्या, परंतु १९४१ मध्ये सत्याग्रह करून भारतात तुरुंगवास पत्करलेल्या विदुषी होत्या. ज्याच्याशी संवादच साधता येत नाही अशा जगात या परंपरेचे ज्ञान मुके राहील, हे ओळखून त्यांनी तरुण ‘तुल्कूं’साठी, म्हणजे दिवंगत आचार्यांचे पुनर्जन्म मानल्या गेलेल्या लामांसाठी, प्रथम दिल्लीत व पुढे डलहौसी येथे निवासी शाळा चालवली. तेथे परदेशांतून आलेले स्वयंसेवक इंग्रजी शिकवीत.

या अध्यापनाचे वैशिष्ट्य असे, की त्यात गुरू आणि शिष्य यांच्या जागा सहज बदलत असत. लंडनमधील ग्रंथालयातील नोकरी सोडून १९६४ मध्ये या शाळेत शिकवण्यास आलेल्या डायेन पेरी यांना डलहौसीतच खामत्रुल रिंपोछे हे गुरू भेटले. त्याच वर्षी त्यांनी दीक्षा घेतली आणि तेन्झिन पाल्मो या नावाने पुढे हिमाचल प्रदेशात भिक्षुणींच्या अध्ययनासाठी विहार उभारला. दुसरीकडे, शाळेशी निगडित असलेले छोग्याम त्रुंग्पा १९६३ मध्ये ऑक्सफर्डला गेले आणि १९६७ मध्ये त्यांनी अकोंग रिंपोछे यांच्यासह स्कॉटलंडमध्ये साम्ये लिंग हे केंद्र स्थापन केले.

ज्या भाषेच्या भयाने ल्हासातील शाळा बंद झाली, तिच्याच आधाराने मठांतील विद्या स्वदेश गमावल्यावरही बोलती राहिली. आणि ही भाषा शिकवण्यास आलेल्यांपैकी काहींनी तिच्यातूनच ती विद्या आत्मसात केली.