मैदानातून घराघरात

यंदाच्या मेळाव्याचं थेट प्रक्षेपण आपल्या शाळेतली आठवी-नववीची मुलं करणार आहेत. आपल्या काही शिक्षकांनी ऐंशी गाठली आहे. शाळेचा जिना सोडाच, त्यांना घराचा उंबराही ओलांडता येत नाही. काही वर्गमित्र अशा देशांत आहेत, जिथे आपल्या सकाळच्या कार्यक्रमाच्या वेळी मध्यरात्र असेल. या सगळ्यांपर्यंत मेळावा पोचणार तो या मुलांच्या हातून. म्हणून त्यांनी अंगावर घेतलेल्या कामाचा इतिहास स्मरणिकेत असावा, असं संपादक मंडळाला वाटलं आणि आमच्या बॅचमधून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

स्टुडिओबाहेर घडणारी घटना ती घडत असतानाच दाखवायची, याला बाह्यप्रक्षेपण म्हणतात. त्या व्यवसायातली माणसं बोलताना नुसतं ‘ओबी’ म्हणतात. हातात फोन असला की हे काम झालं, असं आज आपल्याला वाटतं. पण ओबीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. नवं यंत्र आलं की जुनी अडचण नाहीशी होत नाही, ती फक्त आपली जागा बदलते.

बीबीसीने १९३६च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या उत्तरेकडच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. सहा महिन्यांनी, १२ मे १९३७ रोजी, सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक निघाली. ती दाखवण्यासाठी हाइड पार्क कॉर्नरपाशी तीन कॅमेरे लावले होते आणि शेजारी यंत्रांनी भरलेली गाडी उभी होती. खरा प्रश्न पुढे होता. चौकातलं चित्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मनोऱ्यापर्यंत न्यायचं कसं? टेलिफोनच्या साध्या तारेतून आवाज जातो, पण चित्रात आवाजाच्या शेकडो पट जास्त माहिती असते. त्यासाठी लंडनमध्ये खास प्रकारची तार टाकावी लागली. तार जिथवर पोचत होती, तिथलीच घटना सहज दाखवता येत होती. कॅमेरा कुठे लावायचा हे तारेने ठरवलं.

आपल्याकडे दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ला, दिल्लीत, प्रयोग म्हणून. तिचं सुरुवातीचं एक मोठं काम शाळेचंच होतं: १९६१पासून दिल्लीतल्या माध्यमिक शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढे मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून पुण्याकडच्या घरांत दिसू लागले. गडच का निवडला? कारण या लहरी सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की चित्र गेलं. आपल्या लहानपणी गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा भाऊ आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडणारी बहीण, हे दोघंही त्या सरळ रेषेच्याच शोधात असायचे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखवले गेले. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्रातली गावं त्यात नव्हती, पण डोंगर आडवा येण्याचा प्रश्न उपग्रहाने कसा सुटतो, ते देशाला तेव्हा दिसलं. मोबदल्यात नवी अडचण आली, वेळाची. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. तिथवर जाऊन परत यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ पाव सेकंद लागतो. पाहणाऱ्याला ते कळत नाही. दोन गावांतल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं म्हटलं की लगेच कळतं. १९८२मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यापासून आणि मग दिल्लीच्या आशियाई खेळांपासून रंगीत थेट प्रक्षेपण घराघरात पोचू लागलं आणि त्याबरोबर ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटीही आपल्या पिढीला पाठ झाली.

या सगळ्या काळात आपल्याकडचा विद्यार्थी पडद्यासमोर बसलेला होता. ब्रिटनमध्ये मात्र १९६४ साली ग्लासगो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःचं दूरचित्रवाणी केंद्र काढलं. यॉर्कच्या विद्यार्थ्यांनी १९६७मध्ये काढलं, आणि १९७३मध्ये अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटनाही झाली. हे कार्यक्रम बहुधा तारेने आवारातल्याच बैठकीच्या खोल्यांपर्यंत पोचत. यॉर्क आणि लँकेस्टर या विद्यापीठांत १९६५पासून दरवर्षी ‘रोझेस’ नावाची क्रीडास्पर्धा भरते. यॉर्कचं विद्यार्थी केंद्र तिचं थेट प्रक्षेपण करत आलं आहे. सामने आवारभर पसरलेले, एकाच वेळी चाललेले. ओबी व्हॅन विकत घेणं विद्यार्थ्यांना परवडणारं नसतं, आणि तंत्राच्या अडचणी मात्र मोठ्या वाहिन्यांच्याच असतात. त्यातल्या चार मुख्य अडचणी समजल्या की आपल्या मुलांपुढचं कामही समजेल.

पहिली अडचण ताल जुळवण्याची. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्र ६२५ ओळींचं असे आणि सेकंदाला २५ चित्रं येत. कॅमेरा वरून खाली एकेक ओळ वाचत जाई. दोन कॅमेरे वेगवेगळ्या क्षणी वाचायला लागले, तर एकावरून दुसऱ्यावर जाताना घरचं चित्र उडी मारे किंवा गिरक्या घेई. म्हणून एकाच यंत्राकडून सगळ्या कॅमेऱ्यांना ठोका दिला जाई, लेझीम पथकाला हलगी देते तसा. तेवढ्याने भागत नसे. तारेतून संकेत एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीचं एक आवर्तन सुमारे २२५ नॅनोसेकंदांचं. म्हणजे एका कॅमेऱ्याची तार दुसऱ्यापेक्षा दहा मीटर जास्त असली, तर ठोका जवळजवळ पाव आवर्तनाने चुकतो आणि दोन चित्रं एकमेकांत मिसळताना रंग बिघडतात. त्यामुळे जवळच्या कॅमेऱ्याची जादा तारही तशीच गुंडाळून ठेवत किंवा तेवढा उशीर यंत्राने भरून काढत. आजची यंत्रं हा ताल स्वतः जुळवून घेतात. त्यासाठी ती चित्र क्षणभर साठवून ठेवतात, म्हणजे पुन्हा थोडा उशीर होतो.

दुसरी अडचण आवाजाची. मंडपातला ध्वनिक्षेपक आणि प्रक्षेपणाचं टेबल वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालत असतील, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो. दोन्ही यंत्रं ध्वनीच्या तारेने जोडली की त्या तारेतून प्रवाह वाहू लागतो आणि भाषणामागे ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कधी कधी केला जातो. तो जिवावर बेतणारा आहे. दोन्ही यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज देणं किंवा मधे आवाजासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घालणं, हे खरे उपाय. शिवाय हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. मंचापासून १४ मीटर दूर ठेवलेल्या मायक्रोफोनला शब्द एका संपूर्ण चित्राइतका, म्हणजे एक पंचविसांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मंडपाच्या मागच्या टोकाला फोन धरून काढलेल्या चित्रफितीत ओठ आणि शब्द जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे. त्याला इलाज एकच: आवाज मंचावरूनच तारेने घ्यायचा.

तिसरी अडचण चिंचोळ्या वाटेची. आजच्या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या उत्तम प्रतीच्या चित्रात सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट इतकी माहिती असते. तारेने ती शंभरेक मीटर नेता येते. पण शाळेतून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटवर भरवशाने ५० लाख बिट मिळाले तरी खूप. म्हणजे चित्र तीनशे पट दाबायचं. हे करताना संगणक प्रत्येक चित्र नव्याने पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच पाठवतो. फळ्यासमोर उभं राहून बोलणारा माणूस त्यामुळे सहज पाठवता येतो, पण लेझीम किंवा झाडाची हलणारी पानं जड जातात. २०१२मध्ये आलेल्या ओबीएस स्टुडिओ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने, एके काळी गाडीभर यंत्रं लागत असलेलं बरंचसं काम साध्या संगणकावर आणलं. शाळांना हे शक्य झालं ते त्यामुळे. वाट मात्र चिंचोळीच राहिली.

आणि या वाटेत गर्दी होते. मोबाइलच्या एका मनोऱ्याची क्षमता त्या भागातले सगळे फोन वाटून घेतात. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर चाचणी उत्तम होते, आणि पाचशे माणसं फोन घेऊन आली की तीच जोडणी गुदमरते. वायफायचं तर आणखी एक आहे: त्याच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. भरलेला मंडप म्हणजे त्या लहरींपुढे उभी राहिलेली भिंत.

चौथी अडचण पुन्हा उशिराचीच. इंटरनेटवरून दिसणारं प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं, आणि पाहणाऱ्याचा फोन दोन-तीन तुकडे जमवूनच दाखवायला लागतो. त्यामुळे वीस-तीस सेकंदांचा उशीर सहज होतो. उपग्रहाच्या पाव सेकंदाची तक्रार करणारी माणसं होती. आज तिथे अर्ध्या मिनिटाची सवय झाली आहे. पण घरी असलेल्या सरांना मंचावरून ‘सर, दोन शब्द बोला’ असं म्हणायचं असेल, तर हा उशीर चालणार नाही. सरांना प्रश्न ऐकू येईपर्यंत इकडे सूत्रसंचालक पुढच्या कार्यक्रमावर गेलेला असेल. म्हणून संवादासाठी व्हिडिओ कॉलची वेगळी जोडणी ठेवावी लागते. तिच्यात चित्र जरा कमी प्रतीचं असतं, पण उशीर अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरच राहतो.

यांखेरीज एक व्यवस्था अशी आहे, की ती १९३७ला लागत होती आणि आजही लागते. कॅमेऱ्यामागच्या मुलाला कानात सूचना मिळाली पाहिजे. कोणता कॅमेरा आता ‘चालू’ आहे, पुढे कोणता घेणार, हे एकाच माणसाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दोन जण एकदम सूचना द्यायला लागले की चालू कॅमेराच हलतो. विद्यार्थी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना याच शिस्तीचा पुढे उपयोग होतो. शिस्तीला पैसे लागत नाहीत, सराव लागतो.

आपल्या मुलांनी या इतिहासातून घेण्यासारखं बरंच आहे. संगणकाला वायफायवर न ठेवता तारेने इंटरनेट द्यावं. दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची असावी, कारण एकाच कंपनीच्या दोन जोडण्या एकदमच बंद पडू शकतात. राउटर आणि संगणक इन्व्हर्टरवर असावेत. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही क्षणही राउटरला बंद पडायला पुरतात, आणि परत जोडलं जायला मिनिटं लागतात. रंगीत तालीम प्रार्थनेच्या वेळी, मैदान मुलांनी भरलेलं असताना घ्यावी. आणि वाट अरुंद झालीच तर आधी चित्राची प्रत उतरवावी, आवाजाला हात लावू नये. चित्राला ५० लाख बिट लागतात तिथे स्वच्छ आवाजाला सव्वा लाख पुरतात. आवाजाची एक शाखा साध्या टेलिफोनच्या कॉन्फरन्स कॉलवरही द्यावी. ज्या बाईंकडे अजून फक्त घरचा जुना फोन आहे, ज्यांना आता नीट दिसत नाही, त्यांनाही मग आपापल्या वर्गाची नावं पुकारलेली ऐकू येतील.

ही स्मरणिका तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही मंडपात बसलेले असाल आणि मुलं त्यांच्या टेबलाशी. आपल्याकडून त्यांना एकच मदत हवी आहे. कार्यक्रम चालू असताना शाळेचं वायफाय वापरू नका, आणि फोनवर काढलेले व्हिडिओ लगेच कुणाला पाठवू नका. संध्याकाळी घरी जाऊन पाठवा. तुमच्या फोनने मोकळी ठेवलेली जागा, आज येऊ न शकलेल्या आपल्या एखाद्या सरांच्या घरापर्यंत जाणार आहे.