बार्कली पठारावरील भेगाळ मृदा

ऑस्ट्रेलियातील नॉर्दर्न टेरिटरीच्या पूर्व भागात आणि त्याला लागून क्वीन्सलँडच्या वायव्येस चुनखडक व डोलोमाइट या खडकांवर आढळणारी खोल, चिकण मृदा. रंगाने ती करडी ते तपकिरी असते. कोरड्या हंगामात तिला मीटरभर खोल भेगा पडतात आणि पावसात ती फुगून त्या मिटतात. ऑस्ट्रेलियन वर्गीकरणात तिला ‘व्हर्टोसोल’ म्हणतात, तर अमेरिकन पद्धतीत ती ‘व्हर्टिसोल’ या गणात येते. महाराष्ट्रातील खोल काळी माती याच गणातली आहे. दख्खनची काळी माती मुख्यतः बेसाल्टपासून बनलेली, तर बार्कलीच्या मातीखाली चुनखडक. मूळ खडक इतके वेगळे असूनही दोन्ही मातींचे वागणे बरेचसे सारखे असते, कारण दोहोंतील चिकण खनिज एकाच जातीचे आहे.

विल्यम लँड्सबरो या संशोधक-प्रवाशाने १८६१ मध्ये या प्रदेशाला व्हिक्टोरिया वसाहतीचे गव्हर्नर हेन्री बार्कली यांचे नाव दिले. या मैदानांचा विस्तार लाखाहून अधिक चौ. किमी. असून समुद्रसपाटीपासून उंची साधारण २०० ते ३०० मी. आहे. चढउतार इतका कमी, की तो डोळ्यांना जाणवत नाही. वार्षिक पाऊस सरासरी ३५० ते ५०० मिमी. पडतो. त्यातला बहुतेक डिसेंबर ते मार्च या काळात, तोही काही मोजक्या जोरदार सरींत पडून जातो. बाष्पीभवनाची वार्षिक क्षमता मात्र अडीच हजार मिमी.च्या पुढे जाते. उत्तरेकडील बऱ्याच भागाचे पाणी समुद्राला मिळत नाही. ते सिल्व्हेस्टर, टॅराबूल यांसारख्या उथळ सरोवरांत साठते आणि तिथेच आटते. आग्नेयेकडील प्रवाह जॉर्जिना नदीमार्गे आयर सरोवराच्या खोऱ्याकडे वळतात.

उत्पत्ती. मातीखालचे खडक सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ कँब्रियन समुद्रात साठलेले आहेत. चुनखडकापासून चिकण माती होते ती खडक भरडला जाऊन नव्हे, तर तो विरघळून. पावसाच्या पाण्यात मिसळलेला कार्बन डाय-ऑक्साइड सौम्य आम्ल तयार करतो, ते कॅल्शियम कार्बोनेट वाहून नेते आणि खडकात मुळापासून असलेला न विरघळणारा चिकण अंश मागे राहतो. हा अंश दहा टक्के धरला, तर मीटरभर जाडीच्या खडकातून जेमतेम १५ ते २० सेंमी. माती हाती लागते. दोन मीटर मातीसाठी दहा-बारा मीटर खडक विरघळून जावा लागेल. बार्कलीवर मातीचा थर कित्येक ठिकाणी याहून जाड आहे. त्यामुळे सगळी माती जागच्या जागी तयार झाली असे मानणे कठीण जाते. सखल भागांतील मातीत पाण्याने वाहून आणलेल्या आणि जुन्या सरोवरांत बसलेल्या गाळाचा मोठा वाटा असावा, असे मानले जाते. खालच्या खडकापासून बनलेली आणि खडकावर येऊन बसलेली माती प्रत्यक्ष जागेवर उभे राहून वेगळी ओळखता येत नाही, हे येथील भूवैज्ञानिकांचे जुने दुखणे आहे.

याच चुनखडकावर भरपूर पाऊस पडला असता, तर पाण्याबरोबर सिलिका आणि क्षार निघून जाऊन लाल, न फुगणारी माती झाली असती, जशी भूमध्य सागराच्या काठी दिसते. बार्कलीवर पाणी कमी आणि निचरा मंद असल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका मातीतच राहतात. अल्कधर्मी वातावरणात त्यांच्यापासून स्मेक्टाइट गटाची फुगणारी चिकण खनिजे तयार होतात आणि टिकतात. त्यामुळे या मातीच्या घडणीत खडकाइतकाच कोरड्या हवामानाचाही हात आहे.

छेद. खड्डा खणून पाहिल्यास वरचा तीन-चार सेंमी.चा थर जोंधळ्याच्या भरड्यासारखा सुटा, रवाळ दिसतो. हा थर कोणी मशागत करून केलेला नसतो. ओले होणे आणि वाळणे या फेऱ्यांत ढेकळे आपोआप फुटून तो तयार होतो. त्याखाली साधारण ३० सेंमी.पर्यंत टणक, कोनदार ढेकळांचा थर असतो. आणखी खाली मातीचे भिंगाच्या आकाराचे, तिरपे बसलेले घटक लागतात. ते वेगळे केले तर त्यांची पृष्ठे मेण लावल्यागत गुळगुळीत आणि रेघारेघांची दिसतात. फुगणाऱ्या मातीचे तुकडे एकमेकांवर घसरल्याची ती खूण होय. मीटरभराच्या आसपास चुनखडीचे पांढरे खडे, काही ठिकाणी जिप्समचे स्फटिक आणि शेवटी पिवळसर, कुजका चुनखडक. चिकण कणांचे प्रमाण सहसा ४० ते ६० टक्के असते, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. प्रयोगशाळा जवळ नसेल तर पाणी मिसळून मळलेला गोळा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवतात. भारी चिकण मातीची पट्टी न तुटता साडेसात सेंमी.पेक्षा लांब निघते.

फुगणे आणि आखडणे. स्मेक्टाइटचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती. पापुद्र्यांमधला विद्युत्भार कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे आयन धरून ठेवतो आणि त्यांच्याभोवती पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचे अंतर्बाह्य क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौ. मी. भरते. केओलिनाइट या न फुगणाऱ्या चिकण खनिजाच्या बाबतीत ते ग्रॅमला काही दशक चौ. मी.पुरते मर्यादित राहते. जास्त फुगणाऱ्या मातीची दहा सेंमी. लांबीची ओली कांडी वाळल्यावर जवळजवळ एक सेंमी.ने आखूड होते. जमिनीत हेच आखडणे उभे-आडवे दोन्ही दिशांनी होते. जमीन काही सेंमी. खाली बसते आणि बहुकोनी भेगांचे जाळे पडते. भेगा मीटरभर खोल आणि दोन-तीन बोटे रुंद असतात.

वरचा रवाळ चुरा, काडीकचरा आणि बिया या भेगांत पडतात. पुढच्या पावसात माती फुगते तेव्हा आत पडलेल्या ऐवजामुळे जागा कमी पडते आणि खालचा थर तिरपा वर ढकलला जातो. पूर्वीच्या मृदाशास्त्रात केवळ या उलथापालथीवर सारा भर दिला जाई, आज तिरप्या घसरणीला अधिक महत्त्व देतात. काही भागांत याच हालचालींमुळे पृष्ठभागावर लहान उंचवटे आणि खोलगट डबकी यांची नक्षी उमटते. तिला ‘गिलगाय’ म्हणतात. खळग्यांत पावसानंतर पाणी साठते. उंचवट्यांवर खालची चुनखडी वर आलेली दिसते आणि गवतही खळग्यातल्यापेक्षा वेगळ्या जातीचे असते.

पाणी. या मातीत पाणी भरपूर मावते, पण ते सुखासुखी मुळांना मिळत नाही. ओलीगच्च झालेल्या मीटरभर थरात साधारण ४०० मिमी. पाणी राहते, मात्र त्यातले निम्म्याहून अधिक चिकण कण इतके घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही. पावसाळा सुरू होतो, तेव्हा माती कोरडीठाक असते. दहा मिमी.ची सर तेव्हा वरच्या तीन-चार सेंमी.तच मुरते आणि दोन दिवसांत उडून जाते. तेवढीच सर वालुकामय जमिनीत चांगली खोल उतरली असती. त्यामुळे कोरड्या प्रदेशात वालुकामय जमीन झाडांना अनेकदा अधिक मानवते आणि भारी जमीन तितकी मानवत नाही. दमट प्रदेशातल्या अनुभवाच्या हे नेमके उलट आहे.

जोरदार पावसात चित्र पालटते. पहिले पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि माती वरून नव्हे तर आतून भिजू लागते. काही तासांत किंवा दिवसांत भेगा मिटतात. मग पाणी मुरण्याचा वेग तासाला एखाद-दोन मिमी.वर, कधी त्याहूनही खाली येतो. उतार नसल्याने पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. वाफसा यायला बराच काळ लागतो. खालच्या चुनखडकात भूजलाचा मोठा साठा आहे, पण त्याला या मातीतून झिरपून मिळणारे पाणी थोडेच. भरण होते ते मुख्यतः खडक उघडा असलेल्या जागी आणि विलयविवरांतून. कॅमुवील गावाजवळची विवरे व गुहा त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

रासायनिक गुण. सामू साधारण ७·५ ते ९. आयन विनिमय क्षमता उच्च असते आणि वरच्या थरात विनिमयक्षम आयनांत कॅल्शियमचे वर्चस्व असते. रवाळ पृष्ठ टिकते ते त्याच्यामुळे. खोलवर सोडियम आणि क्लोराइड वाढतात. सोडियमचा वाटा वाढला की ओली माती विरघळल्यासारखी पसरते आणि वाळल्यावर चोपण जमिनीसारखी घट्ट होते. सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. नत्र कमी आणि तेही पावसाच्या पहिल्या ओलीनंतर झपाट्याने मोकळे होणारे. स्फुरदाच्या बाबतीत ही मैदाने आसपासच्या लाल, वालुकामय जमिनींपेक्षा बरी आहेत आणि गुरांच्या हाडांवर त्याचा चांगला परिणाम दिसतो. उच्च सामूमुळे जस्त व लोह वनस्पतींना मिळणे अवघड होते. चुनखडीच्या जमिनीत पिवळी पडणारी पिके पाहिलेल्या शेतकऱ्याला हे नवे नाही.

वनस्पती. या मैदानांवर क्षितिजापर्यंत झाड नसते. वाळताना माती आखडून कोवळी मुळे तोडते, उथळ ओल गवत आधी पळवते आणि खोल ओल क्वचितच पोहोचते. झाडे राहतात ती प्रवाहांच्या काठी, कूलिबा जातीच्या निलगिरीच्या रांगांत, आणि माती उथळ होऊन खडक वर आलेल्या पट्ट्यांवर. मैदानाचे राज्य मिचेल गवताकडे (ॲस्ट्रेब्ला प्रजाती). या प्रजातीतील चार जातींपैकी ॲस्ट्रेब्ला पेक्टिनाटा ही येथे सर्वाधिक आढळते. या बहुवर्षायू गवताचे ठोंब एकमेकांपासून अंतर राखून उभे असतात, मुळे मीटरभराहून खोल जातात आणि एकेक ठोंब वीस-तीस वर्षे जगतो. दुष्काळात वरचा भाग करडा, मेल्यासारखा होतो. पुरेसा पाऊस होताच बुडख्यातून फुटवे येतात. ठोंबांमधली मोकळी जागा पावसाळ्यात फ्लिंडर्स गवत आणि इतर वर्षायू वनस्पती भरून काढतात. पाणी साचणाऱ्या सखल जागी ब्लूबुश नावाचे करड्या-निळसर पानांचे झुडूप वाढते.

प्राणी. सावली नसलेल्या मैदानात भेगा हाच आसरा. प्लॅनिगेल हा अवघ्या काही ग्रॅम वजनाचा, उंदरासारखा दिसणारा शिशुधान प्राणी डोक्याने इतका चपटा असतो, की अरुंद भेगेतही तो सहज शिरतो आणि कीटक धरतो. सरडे आणि साप दिवसाचे ऊन भेगांत काढतात. लागोपाठ चांगले पावसाळे झाले की लांब केसांच्या उंदरांची (रॅटस व्हिलोसिसिमस) संख्या अफाट वाढते आणि त्यांच्या मागोमाग रात्री शिकार करणारी लेटर-विंग्ड काइट ही घार येते. चारा संपला की उंदीर ओसरतात, घारीही पांगतात.

चराई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे गोमांसासाठी गुरे पाळली जातात. १८७७ च्या सुमारास सुरू झालेले अलेक्झांड्रिया आणि त्याच्या शेजारचे ब्रुनेट डाउन्स ही ‘स्टेशने’ (गुरे पाळण्याची विस्तीर्ण क्षेत्रे) प्रत्येकी दहा हजार चौ. किमी.हून मोठी आहेत. सी. एस. ख्रिश्चन यांच्या नेतृत्वाखाली १९४७–४८ मध्ये झालेल्या सर्वेक्षणाने माती, भूरूप आणि गवत यांची सांगड घालून या प्रदेशाचे ‘भूमी-प्रणालीं’त विभाजन केले. पुढच्या अभ्यासाचा तो पाया ठरला.

चराईची मर्यादा गवतापेक्षा पाणी ठरवते. नैसर्गिक पाणवठे थोडे असल्याने चुनखडकापर्यंत बोअर घेतात आणि मातीचाच बांध घालून केलेल्या गोल टाक्यांत पाणी साठवतात. ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे टाक्यांना अस्तर लागत नाही, मात्र टाकी कोरडी पडू दिली की बांधाला भेगा पडतात. गुरे पाण्यापासून चार-पाच किमी.च्या पलीकडे फारशी चरत नाहीत. त्यामुळे टाकीभोवती जमीन उघडी-बोडकी, दूरवर गवत उभे, अशी वर्तुळे पडतात. वर्षभरात वाढलेल्या गवतापैकी पाव हिश्शाच्या आतच चरून घ्यावे, अशी शिफारस केली जाते. ठोंब एकदा मेले की ते परत येणे बियांवर आणि सलग चांगल्या पावसावर अवलंबून राहते. माती स्वतःच रवाळ होत असल्याने ती स्वतःहून सावरू शकते, ही इतर कोरडवाहू मृदांच्या तुलनेत तिची जमेची बाजू. पण ओल्या जमिनीवर गुरे वावरली तर वरचा थर चेपतो आणि पुढे बी रुजत नाही.

बाहेरून आलेल्या वनस्पतींत सर्वांत घातक ठरली ती बाभूळ (व्हॅचेलिया नायलोटिका, इंडिका उपजाती). भारतीय उपखंडातली ही बाभूळ १८९० च्या दशकात क्वीन्सलँडमध्ये सावली आणि चाऱ्यासाठी नेली गेली. गुरांनी शेंगा खाऊन बिया शेणातून पसरवल्या. लागोपाठ आलेल्या ओल्या वर्षांत रोपटी तग धरून राहिली आणि मिचेल गवताच्या मैदानांतील सुमारे ६० लाख हेक्टर क्षेत्र तिने व्यापले. ती राष्ट्रीय पातळीवर घातक तण म्हणून जाहीर झाली आहे. या मातीत झाड वाढूच शकत नाही, असे जे मानले जाई ते तिने खोटे पाडले. पाटांतून वाहणारे बोअरचे पाणी आणि चराईने विरळ झालेले गवत यांनी तिला रोपटेपणीचा कठीण काळ ओलांडून दिला. गवत दाट असेल तेथे ती अजूनही सहजी शिरत नाही.

बांधकाम. बार्कली महामार्ग दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला, तो मुख्यतः माउंट आयझा ते टेनंट क्रीक दरम्यान लष्करी वाहतूक व्हावी म्हणून. स्टेशनांकडे जाणारे कच्चे रस्ते मात्र पावसात अनेक दिवस बंद असतात. मातीचा चिखल चाकाला चिकटून जाड होत जातो आणि शेवटी चाक फिरत नाही. कुंपणाचे खांब दरवर्षी थोडे वर उचलले जातात आणि सैल पडतात. इमारतींचा पाया हंगामानुसार ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली नेतात, किंवा वरची माती काढून तेथे मुरूम भरतात. जेथे चुनखडक हाताला लागतो, तेथे पाया थेट खडकावर उभारणे सर्वांत सोपे पडते.