टेबलाचा काठ आणि त्यावरची बनात

राणी व्हिक्टोरिया गादीवर आली त्या सुमारास इंग्लंडमधल्या बिलियर्ड्सच्या खोल्यांत, ऐन हिवाळ्यात, डाव मांडण्याआधी एक काम उरकावे लागे. धातूच्या लांबट भांड्यांत कढत पाणी भरायचे आणि ती टेबलाच्या काठांना टेकवून ठेवायची. काठाच्या कापडाखाली रबर असे. थंडीत ते टणक होई आणि त्यावर आपटलेला चेंडू जोर हरवून परत येई. ऊब लागून रबर नरम झाले की भांडी उचलायची आणि खेळाला लागायचे.

बिलियर्ड्सचा इतिहास सांगणारे हस्तिदंती चेंडूंविषयी भरभरून लिहितात. खेळाडूंच्या पैजा, त्यांचे विक्रम, राजेरजवाड्यांचा षोक यांविषयीही लिहितात. काठाच्या वाट्याला मात्र जेमतेम एखादा परिच्छेद येतो. हा अन्याय आहे. या खेळाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते टेबलाभोवतीच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि त्या पट्टीवर कापड चढवणाऱ्या हातांना त्याचे श्रेय फारसे कुणी दिलेले नाही.

सुरुवातीला काठाचे काम एवढेच होते की चेंडू खाली पडू नये. पंधराव्या शतकात उत्तर युरोपात हिरवळीवर लाकडी मोगरीने चेंडू ढकलण्याचा खेळ होता. पाऊस आणि थंडी चुकवायला तो घरात आला, टेबलावर चढला. फ्रान्सच्या अकराव्या लुईकडे असे टेबल होते असे सांगतात. हिरवळ सुटली तरी तिचा रंग सुटला नाही. टेबलावर हिरवे कापड अंथरले गेले. चारही बाजूंना लाकडी भिंती उभ्या राहिल्या.

या भिंतीने खेळाला पहिले वळण दिले ते अडचण होऊन. तेव्हा चेंडू मारायला आजच्यासारखी निमुळती काठी नव्हती. दांड्याच्या टोकाला चपटे लाकडी डोके असलेल्या अवजाराने चेंडू ढकलला जाई. चेंडू भिंतीला चिकटून थांबला की ते रुंद डोके त्याच्यामागे मावत नसे. मग खेळाडू अवजार उलटे धरत आणि दांड्याच्या बारीक टोकाने चेंडू टोलवत. ही अडचणीतली युक्ती इतकी सोयीची ठरली की पुढे डोके गेले आणि दांडा तेवढा राहिला. आजची क्यू ती हीच.

पुढे खेळाडूंच्या ध्यानात आले की भिंतीवर आपटून चेंडू परत येतो आणि त्या परतीचाही हिशेब मांडता येतो. मग नुसते लाकूड पुरेना. त्यावर कापडाच्या पट्ट्यांचे थर, नमदा, लोकरीचा चुरा असे काहीबाही भरून गादी केली जाऊ लागली आणि वरून कापड ताणून ठोकले जाऊ लागले. भरण एका जागी दबले, दुसऱ्या जागी फुगले की त्याच टेबलावर त्याच जोराने मारलेला चेंडू दोन ठिकाणांहून दोन तऱ्हांनी परते.

लंडनच्या जॉन थर्स्टनने १७९९ मध्ये फर्निचरचा धंदा सुरू केला आणि काही वर्षांतच तो बिलियर्ड्सच्या टेबलांकडे वळला. टेबलाचा तळ तोवर लाकडाचा असे. ऋतू बदलला की फळ्या वाकत. थर्स्टनने १८२६ मध्ये पाटीच्या दगडाचा सपाट तळ आणला आणि १८३५ मध्ये काठात रबर घातले. कढत पाण्याची भांडी याच रबरासाठी लागत. तोडगा निघाला रसायनशास्त्रातून. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधक मिसळून रबर तापवायची पद्धत बसवली. अशा रबराला थंडीउन्हाचा जाच होत नसे. १८४५ मध्ये थर्स्टनने ते काठात वापरले. त्याच साली त्याच्याकडचे एक टेबल विंडसरच्या राजवाड्यात राणीसाठी गेले.

रबर सुधारले, पण त्याला चेंडूशी गाठ घालून देणारे कापडच. ते सैल असेल तर उत्तम रबरही वाया जाते.

हे कापड म्हणजे बनात, आणि तिच्यासाठी दोन गावांची नावे घ्यावी लागतात. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधले स्ट्राउड हे पहिले. तिथल्या खोऱ्यातल्या गिरण्या ब्रिटिश फौजेच्या लाल डगल्यांसाठी कापड विणत आणि बिलियर्ड्ससाठी हिरवेही. विणलेले लोकरी कापड पाण्यात घालून कुटायचे, म्हणजे ते आटते, दाट होते, वीण दिसेनाशी होते. मग काटेरी बोंडांनी वर लव काढायची आणि ती एकसारखी कातरायची. ही कातरणी जड कात्र्यांनी हातांनी चाले, तिला वर्षानुवर्षांची सवय लागे. स्ट्राउडजवळच्या जॉन लुइस याने १८१५ मध्ये फिरत्या पात्यांच्या कातरयंत्राचे पेटंट घेतले. त्याच परिसरातल्या एडविन बडिंगने अशी यंत्रे पाहिली आणि त्याच्या मनात आले की लव कापता येते तर गवत का नाही? त्याचे १८३० चे पेटंट म्हणजे जगातले पहिले गवत कापायचे यंत्र. हिरवळीची आठवण म्हणून टेबलावर हिरवे कापड आले आणि असेच कापड कातरणाऱ्या यंत्राने हिरवळीचे रूप बदलून टाकले. इतिहासात असे धागे जुळलेले सापडतात तेव्हा फार समाधान वाटते.

दुसरे गाव बेल्जियममधले व्हर्व्हिए. व्हेदर नदीचे पाणी मृदू, लोकर धुवायला उत्तम. इवान सिमोनिस या तिथल्या घराण्याचा धंदा १६८० पासूनचा. विल्यम कॉकरिल नावाचा इंग्रज कारागीर १७९९ मध्ये तिथे आला आणि त्याने सिमोनिस व बिओले या घराण्यांसाठी लोकर कातायची यंत्रे उभी केली. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या यंत्रयुगाची ही अगदी सुरुवात. आज पूलच्या टेबलांवर दिसणारे बिनलवेचे, विंचरलेल्या लोकरीचे कापड बहुतेकदा याच घराण्याच्या नावाने ओळखले जाते. त्यातल्या ८६० या प्रसिद्ध प्रकारात नव्वद टक्के लोकर आणि दहा टक्के नायलॉन असते. स्नूकरच्या टेबलाला मात्र अजून लव असलेले कापड लागते, आणि त्या लवेचा कल चेंडूला किंचित वळवतो.

काठ किती महत्त्वाचा झाला हे विक्रमांवरून कळते. १९०७ मध्ये लंडनमध्ये टॉम रीसने एका खेळीत ४,९९,१३५ गुण केले. खेळी पाच आठवडे चालली. कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी, जिथे दोन काठांचे कापड संपते, तिथे दोन चेंडू अडकवून तिसऱ्याने त्यांना हलकेच स्पर्श करत राहायचे, एवढाच तो खेळ. प्रेक्षक आणि पत्रकार पूर्णवेळ हजर नव्हते म्हणून विक्रमाला मान्यता मिळाली नाही आणि त्या फटक्यावर बंदी आली. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने १९३२ मध्ये थर्स्टनच्याच सभागृहात ४,१३७ गुणांची खेळी केली. काठालगत तीन चेंडू बोटभर अंतरात ठेवून ते पुढे पुढे सरकवत नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला आवर घालायला नियम बदलावे लागले. अशा खेळात काठाच्या कापडावर एक चुणी असती तरी रांग तिथेच मोडली असती.

हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर आला. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर जन्माला घातले. टेबले बोटीने येत, तशी कलकत्त्याच्या लाझरस कंपनीसारखे कारखाने इथेही ती बनवत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही खेळातले ते पहिले भारतीय वैयक्तिक जगज्जेते. १९६४ मध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते तीनदा जिंकले. इथल्या खेळाडूंना आणखी एका शत्रूशी लढावे लागते: दमट हवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात कापड ढिले पडते, चेंडू जड चालतो. मोठ्या स्पर्धांत स्नूकरच्या टेबलाखाली विजेचे हीटर लावतात ते याचसाठी.

आता प्रत्यक्ष काम. पूलच्या टेबलाचे सहा काठ बोल्ट काढून सोडवतात आणि बाकावर घेतात. जुने कापड, जुन्या पिना निघाल्या की उघडे लाकूड आणि त्याला चिकटवलेले त्रिकोणी छेदाचे रबर दिसते. लाकडाच्या वरच्या अंगाला लांबीभर एक खोबण असते. साऱ्या किमयेची जागा हीच. कापडाची पट्टी उलटी, म्हणजे चांगली बाजू खाली करून ठेवायची, तिची कड खोबणीवर आणायची आणि वरून बारीक लाकडी पट्टी बसवायची. हातोडी थेट मारायची नाही; मध्ये लाकडाचा ठोकळा धरायचा आणि पट्टी पृष्ठभागाशी समतल होईपर्यंत हळूहळू ठोकायची. दोन्ही टोकांकडचा थोडा भाग मुद्दाम मोकळा सोडायचा. मग कापड रबरावरून उलटवून खालच्या बाजूला ओढायचे आणि पिना मारायच्या. पूर्वी इथे खिळे असत.

ओढ सगळीकडे सारखी हवी. पुष्कळ कारागीर मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जातात. उभ्या आणि आडव्या धाग्यांचा ताण वेगवेगळा असतो, म्हणून सहाही पट्ट्या एकाच दिशेने कापाव्या लागतात. एका जागी जास्त ओढले तर तिथले कापड विरळ होऊन लवकर झिजते आणि रबराचे नाक दबते. कमी ओढले तर चेंडू आदळताना कापड हलते.

खरी परीक्षा पॉकेटच्या तोंडाशी. तिथे काठ तिरका कापलेला असतो आणि त्यावर रबराची जाड चकती चिकटवलेली असते. कापड त्या तिरक्या अंगावर वळवायचे, जादा भाग घडी घालून खाली दडवायचा, ओढ धरून ठेवायची आणि मगच मोकळे सोडलेले पट्टीचे टोक ठोकून बसवायचे. घडी समोर आली की चेंडू तिथे अडखळतो. कात्री अर्धा बोट जास्त चालली तर लाकूड उघडे पडते आणि अख्खी पट्टी बाद होते. मुरलेला कारागीर इथे कात्री शेवटी हातात घेतो. आधी अंगठ्याने घडी दाबून, दोनतीनदा उलगडून पाहतो.

काठ परत जोडल्यावर उंची तपासतात. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा आणि रबराचे नाक त्याच्या साधारण ६३.५ टक्के, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर उंचीवर हवे. खाली गेले तर चेंडू उडतो, वर गेले तर दबतो. नवे कापड गुळगुळीत असते, त्यावरून चेंडू घसरतो आणि काठावरून परतीचा कोन बदलतो. म्हणून स्पर्धेच्या टेबलांना नवे कापड चढवले की खेळाडू सरावात आधी रिकाम्या टेबलावर एकच चेंडू काठावर मारून पाहतात, एका काठावर, मग दुसऱ्या, आणि हात जुळला की मगच बाकीचे चेंडू मांडतात.